पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय?

पत्र :

«आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेत राहतो. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावी कॉमर्सला. लहानपणापासून तालमीच्या पोरांबरोबर ग्राऊंडवरच वाढला. यंदा पेठेच्या संघातून सीनियर लीग खेळला, लेफ्ट विंगला. एका स्पर्धेनंतर एक गृहस्थ भेटले. स्पेनमधल्या अकादमीत दहा महिने राहायचं, रोज ट्रेनिंग, मोठ्या क्लबांचे स्काऊट मॅच बघायला येतात, जमलं तर तिथंच करार, असं म्हणाले. खर्च १७ लाख. त्यातले ३ लाख ‘सीट बुक’ करायला पंधरा दिवसांत द्यायचे. मिस्टर उचगावचा दोन गुंठ्यांचा प्लॉट विकायला निघालेत. मी नको म्हटलं, तर मुलगा माझ्याशी बोलत नाही, ताट तसंच ठेवून उठतो. परवा म्हणाला, ‘आई, मी इथंच सडावं असं वाटतंय तुला.’ दादा, तुम्ही स्वतः खेळलाय म्हणून विचारते. मी घाबरते म्हणून त्याच्या आड येतेय का?»
– एक आई, कोल्हापूर

ताई,

३ लाख भरू नका. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत त्या पंधरा दिवसांतले निम्मे तरी संपलेले असतील. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या मुलाने परदेशात खेळू नये, असं मी म्हणणार नाही. सतराव्या वर्षी पेठेच्या संघातून सीनियर लीग खेळणं ही काही साधी गोष्ट नाही. मी मुंबईहून एकदा तुमच्याकडे स्पर्धेला आलो होतो. शाहू स्टेडियमवर दोन्ही पेठा इरेला पेटून ओरडत असताना बॉल पायात ठेवणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मला दुसऱ्या हाफपर्यंत पायच सापडत नव्हते. त्या आवाजात ज्या पोराला विंगवरून आत घुसायचं सुचतं, त्याच्यात नक्की काहीतरी आहे. म्हणूनच त्याचं पहिलं पाऊल चुकीच्या दारात पडू नये, असं वाटतं.

आधी त्याच्या वयाचं बघू. खेळाडूने एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाण्याबद्दल फिफाचे नियम आहेत. त्यांतल्या १९ व्या कलमानुसार अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, सीमेलगत राहणाऱ्यांना, युरोपातल्या युरोपात सोळा वर्षांपुढच्या मुलांना काही अटींवर, असे. शिक्षणाच्या देवाणघेवाण कार्यक्रमात गेलेल्या विद्यार्थ्यालाही वर्षभर खेळता येतं, पण ज्याचा व्यावसायिक संघ नाही अशा निव्वळ हौशी क्लबातच. हा नियम पुस्तकात पडून राहिलेला नाही. याच कलमाखाली २०१४ साली फिफाने बार्सिलोनावर नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली होती, पुढे माद्रिदच्या दोन्ही मोठ्या क्लबांवरही तशीच बंदी आली. ज्या नियमापायी बार्सिलोनाला शिक्षा झाली, तो नियम तुमच्या मुलासाठी कुणी गुपचूप बाजूला ठेवेल, असं दाजींना वाटत असेल तर त्यांना एवढं वाचून दाखवा.

म्हणजे ‘जमलं तर तिथंच करार’ हे वाक्य त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत पोकळ आहे. तोवर तो काय करेल? पैसे भरून आलेल्या बाकीच्या मुलांबरोबर सराव करेल, आपापसांत आणि शेजारच्या संघांशी मैत्रीचे सामने खेळेल. अधिकृत लीगच्या टीमशीटवर त्याचं नाव लागणं जवळपास अशक्य. तेच दहा महिने तो इथं राहिला, तर पेठेकडून आणि जिल्ह्याकडून खऱ्या मॅच खेळेल. समोरचा बॅक खरोखर पाय मारायला येतो, हरलं की गल्लीत तोंड दाखवता येत नाही, अशा मॅच. विंगरला बनवतात त्या याच मॅच.

आता पैशाचं. माझं मुख्य म्हणणं इथंच आहे.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसा क्लबकडून खेळाडूकडे जातो. क्लबला खेळाडू हवा असला की तो करार पाठवतो, वर्क परमिटचे कागद करतो, राहायची सोय बघतो, महिन्याच्या महिन्याला पगार देतो. मध्ये एजंट असेल तर त्याचं कमिशन त्या करारातून निघतं. तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या हिशेबात मुलाकडे येणारा एक रुपयाही नाही. सगळे तुमच्याकडून जाणारे. त्यांच्या वहीत तुमचा मुलगा खेळाडू म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहिलेला आहे.

फी घेऊन शिकवणं हा गुन्हा नव्हे, आणि स्पेनमध्ये प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या अकादम्याही आहेत. १७ लाख गेले तरी ज्यांच्या घराला झळ लागणार नाही, त्यांनी पोराला खुशाल पाठवावं. भाषा शिकेल, जग बघेल, खेळ थोडा सुधारेल. पण ती क्लासची फी आहे हे डोक्यात पक्कं ठेवून पाठवावं. बारावीच्या मुलाला आपण लातूरला क्लासला पाठवतो, तेव्हा क्लासच्या पावतीला कुणी मेडिकलची सीट म्हणत नाही. इथं मात्र ‘सीट’ हाच शब्द वापरलाय, आणि मला तो फार खटकला.

यातला काळा भागही सांगायलाच हवा. २०२३ च्या जूनमध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल अकादमीवर तिथल्या पोलिसांनी छापा घातला, तेव्हा शंभराहून अधिक परदेशी तरुण तिथं सापडले. लॅटिन अमेरिकेतले, आफ्रिकेतले, आशियातले, आणि त्यांतले कित्येक अल्पवयीन. मोठा फुटबॉलपटू करतो म्हणून आणलेली पोरं. कुणाच्या तरी आईवडिलांनी त्यांच्यासाठीही काहीतरी विकलं असेल. तुम्हाला सांगितलेली अकादमी तशीच आहे असं माझं म्हणणं नाही. पण पासपोर्ट स्वतःच्या हातात नसलेला मुलगा परक्या देशात किती एकटा पडतो, हे मला माहीत आहे.

१९९४ साली मी एकवीस वर्षांचा होतो, मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून खेळायचो. ग्राऊंडवर नेहमी दिसणारा एक माणूस होता. आखातातल्या एका क्लबात जागा आहे, ट्रायलपुरतं चल, बाकी मी बघतो म्हणाला. ६० हजार मागितले. वडील नव्हते. आईने पाटल्या मोडल्या. तिथं उतरल्यावर ज्या क्लबाचं नाव ऐकलं होतं, त्याच्या फाटकापाशीही मला कुणी नेलं नाही. दिवसा एका गोदामात खोकी चढवायची आणि सुट्टीच्या आदल्या रात्री कंपन्यांच्या स्पर्धेत दिव्यांच्या उजेडात खेळायचं. पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात. सात महिन्यांनी सुटून परत आलो, तोवर संघात माझ्या जागी दुसरा मुलगा पक्का झाला होता. आई पाटल्यांबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. दिवाळीला ती काचेच्या बांगड्या भरून ओवाळायची, तेव्हा मी ताटातल्या निरांजनाकडे बघत राहायचो, हातांकडे बघवायचं नाही.

तेव्हा मला एका माणसाची गरज होती. ‘क्लबचं पत्र दाखव’ एवढं म्हणणाऱ्या. आमच्या घरात ते कुणी म्हटलं नाही, आईला ते ठाऊकच नव्हतं. तुमच्या घरात ते तुम्ही म्हणताय. आड येणं कसलं, ताई, त्याच्या बाजूने उभ्या असलेल्या तुम्हीच आहात. भीती वाटते ती वाटू द्या.

मुलाला कदाचित हे पटणार नाही. म्हणेल, मग आपले लोक बाहेर जातातच कसे? रास्त प्रश्न आहे. तेव्हा जे गेले ते कसे गेले, हे त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा.

बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या ‘बरी’ नावाच्या क्लबात गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. भारताकडून आणि कोलकात्यात खेळून त्याचं नाव आधीच झालं होतं. तरीही क्लब मिळण्याआधी दोन-तीन ठिकाणी ट्रायल देऊन त्याला हात हलवत परतावं लागलं. तीन वर्षांत तो तिथं ३७ लीग सामने खेळला, ३ गोल केले. पुढे क्लबच आर्थिक गर्तेत गेला. भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी आहे आणि मी ती मोठीच मानतो. पण ३७ आणि ३ हे आकडे बघा. आपल्या काळातल्या सर्वांत चांगल्या स्ट्रायकरचे ते आकडे आहेत.

सुनील छेत्रीचं तर वाचताना माझा जीव तुटतो. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सला तो हवा होता. ब्रिटिश सरकारने वर्क परमिट नाकारलं, कारण फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरांत नव्हता. त्याच्या पायांचा काही दोष नव्हता, देशाचा नंबर आडवा आला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला, लीगमध्ये एक मिनिटही मैदानावर उतरायला मिळालं नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडे गेला, तिथं ब संघाकडून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने. परत आला. आणि मग भारताकडून नव्वदच्या वर गोल करून बसला. बाहेरच्या बाकावर बसलेली ती वर्षं त्याने परत येऊन कशी भरून काढली, हे तुमच्या मुलाने जरूर वाचावं.

गुरप्रीतसिंग संधू गोलकीपर. ईस्ट बंगालकडून २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला, तोही बावीसचा. नॉर्वेच्या पहिल्या लीगमध्ये खेळायला त्याला २०१६ उजाडलं. तोवर कडाक्याच्या थंडीत सराव करायचा आणि दुसरा गोलकीपर म्हणून बाकावर बसायचं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात उतरला. युरोपच्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला भारतीय. पगार मिळत असताना, करार हातात असताना त्याने जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली. फी भरून वाट पाहणाऱ्याला कोण काय विचारणार?

गोव्याचा रोमिओ फर्नांडिस तर तुमच्या मुलासारखाच विंगर. असोळण्याचा. २०१४ ला एफसी गोवाकडून प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, तिथला खेळ बघून ब्राझीलच्या आतलेतिको पारानाएन्सेने पुढच्या वर्षी त्याला उसना घेतला. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक सामना खेळलेला पहिला भारतीय तो. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला आणि दुखापतीमुळे एकही सामना न खेळता काही महिन्यांत परत आला. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला (हा क्लब पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे), आणि पुढे आयएसएलमध्ये उतरला. शाहू स्टेडियमपासून तिथपर्यंत वाट आहे, ती अशी आहे.

आणि मुली! ही गोष्ट फार कमी घरांत बोलली जाते, म्हणून इथं थोडा थांबतो. गेल्या काही वर्षांत परदेशातली दारं आपल्या मुलींनी मुलांपेक्षा जास्त उघडलीत. मणिपूर पोलिसात नोकरी करणारी बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सशी करार करून गेली आणि तिथं गोल केला. मनीषा कल्याण विसाव्या वर्षी सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली. महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय. ज्योती चौहानने क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडून हॅट्ट्रिक केली. तुमच्या गल्लीत बॉल मारणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्या घरच्यांनाही हे कुणीतरी सांगा.

या सगळ्यांत मला एकच गोष्ट सारखी दिसते. आधी इथं खेळून नाव झालं आणि मग बाहेरून बोलावणं आलं. ‘मला घ्या’ म्हणून ट्रायलला दारोदार फिरणं यांनाही चुकलं नाही, पण जागा विकत घेऊन कुणी गेलेलं नाही.

दाजींसाठी आता चार शब्द. दाजी, प्लॉट विकायला निघालात त्यामागची माया मला कळते. आयुष्यभर लेथवर उभं राहिलेल्या माणसाला पोरगं मोकळ्या मैदानात धावताना बघून काय वाटत असेल, ते मी समजू शकतो. पण परदेशी फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचे क्लब येतात. त्यांच्याखाली फार मोठं जग आहे, आणि ते गरीब आहे. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ साली ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार व्यावसायिक खेळाडूंना विचारलं. ४५ टक्के जणांची कमाई महिन्याला १ हजार डॉलरपेक्षा कमी निघाली. ४१ टक्के जणांचे पगार मागच्या दोन हंगामांत कधी ना कधी रखडलेले होते. हे सगळे करार असलेले, पगार ठरलेले खेळाडू, बरं का. शिवाय भारतीय पासपोर्टवर युरोपात जागा मिळवणं आणखी अवघड. बऱ्याच देशांत युरोपबाहेरच्या खेळाडूंच्या जागा मोजून ठेवलेल्या असतात. नेदरलँड्समध्ये तर वीस वर्षांवरच्या अशा खेळाडूला तिथल्या पहिल्या लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट पगार द्यावा लागतो. तेवढे पैसे मोजून क्लब कुणाला घेईल? जो त्यांच्या स्वतःच्या मुलांपेक्षा ठळकपणे सरस आहे, त्यालाच. दोन गुंठे विकून तो ठळकपणा येत नाही. ते दोन गुंठे ठेवा. पोराचा गुडघा कधी दुखावला आणि ऑपरेशन करावं लागलं, तर तेव्हा ते कामाला येतील. फुटबॉलमध्ये हे होतंच.

आणि बाळा, तू. आई हे वाचून दाखवत असेल, किंवा तू स्वतःच फोनवर वाचत असशील.

‘इथं सडणं’ म्हणालास. मला राग आला नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, नावाजलेले खेळाडू महिनोन्महिने घरी बसून राहिले. हे बघून कुठल्याही पोराला पळून जावंसं वाटेल. तुझी घाई खरी आहे. पण आईशी बोलणं टाकलंस, त्यावर मात्र मी तुला दोन शब्द ऐकवणार. परदेशातला पहिला हिवाळा सुरू झाला, प्रशिक्षकाने सलग सहा आठवडे तुला संघाबाहेर ठेवलं, खोलीत कुणाला तुझी भाषा येत नाही, की रात्री फोन कुणाला लावणार आहेस? त्या गृहस्थांना?

एक काम कर. तुमच्या लीगमध्ये हंगामापुरते आफ्रिकेतून आलेले खेळाडू असतात. तुझ्यासाठी ते समोरच्या पेठेने आणलेले फॉरेनर असतील. पण ‘परदेशी खेळणारा व्यावसायिक फुटबॉलपटू’ ज्याला म्हणतात तो हाच, तुझ्या डोळ्यांसमोर. मॅच झाल्यावर एकाला गाठ, चहा पाज. घर कधी सोडलं, इथं कुणी आणलं, पैसे कोणी भरले, ठरलेले मिळाले का, आईला शेवटचं कधी भेटलास, ते विचार. तुला जे आयुष्य हवंय ते जगणारा माणूस तुझ्यापासून दहा फुटांवर वॉर्मअप करतोय. त्याच्याइतकी खरी माहिती तुला कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

खेळाचं बोलू. तू लेफ्ट विंगर. उजवा पाय चालतो का? दहापैकी किती क्रॉस माणसावर पडतात? बॉल गेल्यावर मागे धावतोस की हात कमरेवर ठेवून बघतोस? बाहेरच्या प्रशिक्षकाची नजर आधी त्या कमरेवरच्या हातांवर जाते. तुझ्या यंदाच्या मॅचचे व्हिडिओ तालमीतल्या कुणीतरी काढलेच असतील. ते गोळा कर. नुसते गोल नकोत, सलग नव्वद मिनिटांचे तीन सामने ठेव. ज्याला खरोखर खेळाडू पारखायचाय तो पूर्ण सामना मागतो. इंग्रजी बोलायला शीक आणि बारावी नीट पास हो. पुढे परदेशी विद्यापीठात शिकत शिकत खेळायचं ठरवलंस, तर बारावीशिवाय गाडी हलणार नाही. अदिती चौहान इंग्लंडमध्ये लफबरा विद्यापीठात शिकायला गेली होती, तिथून २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली. तीही एक वाट आहे, आणि तुमच्या घरासारख्या घराला, स्कॉलरशिप मिळाली तर, जास्त परवडणारी.

येत्या वर्षभरात काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर या हंगामानंतर आयएसएल आणि त्याखालच्या लीगमधल्या क्लबांच्या युवा संघांच्या ट्रायलना जा. मुंबई, पुणे, गोवा, बंगळुरू, सगळं तुमच्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे. रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग अशाच वयाच्या मुलांसाठी आहे. २०२२ मध्ये ती सुरू झाली, त्याच वर्षी त्यातून बंगळुरू आणि केरळचे युवा संघ इंग्लंडला खेळायला गेले होते, आणि त्यासाठी कुठल्या आईला काही विकावं लागलं नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे मुलाची नोंदणी आहे ना, तेही तालमीत विचारा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे परदेशी क्लबने त्याच्याशी पहिला व्यावसायिक करार केला, तर बारा ते एकवीस या वयात ज्यांनी त्याला घडवलं त्या नोंदणीकृत क्लबांना भरपाई देण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे. उद्या पेठेच्या संघाला नवे बूट त्या पैशातून येऊ शकतात.

आता त्या गृहस्थांचं. भांडू नका, घरी बोलवा, चहा द्या. दाजी आणि तालमीतलं एखादं वडीलधारं माणूस समोर असू दे. त्यांचं फिफाचं एजंट लायसन आहे का, ते विचारा. त्यासाठी परीक्षा असते, आणि लायसन असलेल्यांची नावं फिफाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. अल्पवयीन मुलाकडे जाताना एजंटला पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. ती न घेता ते थेट ग्राऊंडवर पोराशी बोलले असतील, तर तेवढ्यावरूनच काय ते ओळखा. गेल्या तीन वर्षांत या अकादमीतून किती मुलं कुठल्या क्लबात गेली, त्यांची नावं घ्या, त्यांतल्या दोघांच्या आईवडिलांचे नंबर मागा आणि तुम्ही स्वतः फोन करा, ताई. आयांना आया खरं सांगतात. ३ लाख परत मिळण्याची अट कागदावर लिहून द्यायला सांगा. एवढं झाल्यावर ते ‘मग दुसऱ्याला सीट देतो’ म्हणाले, तर देऊ द्या.

आणखी दोन-चार वर्षांनी खरा करार आला, तर तो एखाद्या वकिलाला वाचायला देऊनच सही करा. ‘मेडिकल पास झालास तर’ किंवा ‘वर्क परमिट मिळालं तर’ करार लागू, अशी अट फिफाचे नियम मान्य करत नाहीत. किमान दोन महिन्यांचा पगार थकवला, तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस वाट पाहून खेळाडू करार मोडू शकतो. दुखापतीचा विमा कोण भरणार, ते लिहून घ्या. त्या वेळी मला पुन्हा पत्र लिहा, मी आनंदाने वाचेन.

तोवर एक खर्च मात्र आत्ताच करा. मुलाचा पासपोर्ट काढा. त्यासाठी आता पुण्याला जावं लागत नाही, कोल्हापुरातच होतो. ट्रायलसाठी, संघाबरोबरच्या दौऱ्यासाठी, कधी अचानक आलेल्या निवडीसाठी तो लागणार आहे. अर्ज भरायला तुम्ही दोघं बरोबर जा, अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आईवडिलांची संमती लागतेच. पोरगं वाटेत बोलेल. आणि पासपोर्ट घरी आला की तुमच्या कपाटात ठेवा. मागायला कुणीही आलं तरी झेरॉक्स द्यायची.

तुमचा,
दादा